मी बुडालो तो शुक्रवार

मित्रांनो, मी एक जुना, तडा गेलेला काटा आहे. घड्याळातला नव्हे, बाभळीचा नव्हे आणि माशाचा तर नव्हेच नव्हे. मी काचेचा आहे. वीतभर लांब, वर बारीक मान, खाली फुगीर पोट आणि पोटाच्या तळाशी शिशाचे छर्रे. मिठाच्या पाण्यात मला सोडलं की मी ताठ उभा राहतो आणि ते पाणी किती जड आहे ते सांगतो. दुधात पाणी घातलंय का हे सांगणारा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल. तो माझा चुलतभाऊ. त्याला सगळं जग ओळखतं. मला कोण विचारतो? कागदोपत्री माझं नाव हायड्रोमीटर आहे, पण इथली माणसं मला नुसतं काटा म्हणतात.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी जन्माचा भित्रा आहे. काचेच्या जातीत शूर कोणी निपजत नाही.

एका काचकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने ज्योतीवर नळी फिरवत, तोंडाने फुंकून माझं पोट फुगवलं. त्यात छर्रे ओतले, ते लाखेने पक्के केले, मानेत आकड्यांची कागदी पट्टी सरकवली आणि मानेचं टोक वितळवून बंद करून टाकलं. पट्टीवर अकराशेपासून तेराशेपर्यंत आकडे होते आणि बाराशेवर एक लाल रेघ. मग त्याने मला सर्वांत आधी साध्या पाण्यात सोडलं. मी दगडासारखा तळाशी गेलो. डोक्यावर पाणीच पाणी. वाटलं, जन्मलो नाही तोच मेलो. म्हाताऱ्याने मला बाहेर काढून पुसलं आणि शेजारच्या कारागिराला म्हणाला की बरोबर आहे, हा साध्या पाण्यात बुडायलाच हवा. त्याला काय जातंय म्हणायला! तेव्हापासून बुडण्याची धास्ती माझ्या पोटात छर्ऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली, ती बसलीच.

नंतर मी आणि माझा जुळा भाऊ एका प्रयोगशाळेत आलो. जनावरांच्या पोटात जंत आहेत का, ते तिथे तपासतात. कशावरून, म्हणाल तर शेणावरून आणि लेंड्यांवरून. नाक मुरडू नका. शेण खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.

खोली साधीच होती. पत्र्याचं छप्पर, दगडी ओटा, सतत ठिबकणारा नळ, टवके उडालेल्या पांढऱ्या थाळ्या आणि खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक. काम असं चालायचं. लेंडी खलात चुरडायची, तीत मिठाचं दाट पाणी घालायचं, गाळणीने गाळायचं आणि ते गाळलेलं पाणी बारीक रेघा आखलेल्या काचेच्या दोन थरांत भरायचं. जंतांची अंडी हलकी असतात. पाणी जड असलं की ती वर येतात आणि काचेला खालून चिकटतात. मग सूक्ष्मदर्शकातून ती मोजायची. पण पाणीच हलकं असलं तर? तर अंडी गाळाबरोबर खाली बसतात आणि वर काही दिसत नाही. जनावराच्या पोटात हजारो जंत रक्त पीत असतात आणि वर बघणारा म्हणतो, सगळं छान आहे. मित्रांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. माझी सगळी भीती त्यातच आहे.

पहिली कितीतरी वर्षं माझी चैन होती. तेव्हा तिथे मोठ्या बाई होत्या. आवाज करडा आणि हात मात्र सायीचे. त्यांचा नेम होता, काटा बुडवल्याशिवाय बाटलीतलं पाणी वापरायचं नाही. रोज सकाळी मला मिठाच्या पाण्यात सोडायचं, लाल रेघेशी पाणी आलंय का बघायचं, मगच कामाला हात. याला त्या काट्याची आंघोळ म्हणत. पाणी हलकं असलं तर मी रेघेच्या खाली जाऊ लागायचो आणि माझा जीव कंठाशी यायचा, पण बाई लगेच मूठभर मीठ टाकायच्या आणि मी वर यायचो. पाहुणे आले की त्या मला दाखवून म्हणायच्या की या खोलीतला सर्वांत खरा माणूस हा आहे. मी लाजून आणखी ताठ उभा राहायचो.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा गाळणकाकांनी घेतली. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. बाईंच्या हाताखाली ते वर्षानुवर्षं गाळण्याचं काम करत आले होते, म्हणून गाळणकाका. माणूस देवासारखा. कधी उशीर नाही, कधी कोणावर आवाज नाही. पण माझ्यासारखाच भित्रा. एके सकाळी आंघोळ घालताना त्यांच्या हातून माझा जुळा भाऊ ओट्यावर आपटला आणि त्याचा चुरा झाला. छर्रे खोलीभर पळाले. वरच्या कार्यालयातून काकांना लेखी जाब आला, चारचौघांत बोलणी बसली. त्या दिवशी काकांनी मला कापसात गुंडाळलं, जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी ओट्याखालच्या कप्प्यात सरकवली. एवढा एकच उरलाय, याला जपायला हवं, असं ते पुटपुटले.

आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. आता आपटायची भीती नाही, बुडायची भीती नाही. ऊबदार कापूस आणि काळोख. मूर्ख होतो मी.

वर्षं गेली. काका अंदाजाने मीठ घालत होते आणि अंदाज बराचसा बरोबर असायचा. बिघडलं ते नव्या दिव्यामुळे. सूक्ष्मदर्शकाला नवा, चांगला तापणारा दिवा बसला. काकांची नजर मंदावलेली, त्यामुळे एक काच बघायला त्यांना वेळ लागायचा. तेवढ्यात दिव्याच्या उष्णतेने पाणी सुकून काचेवर मिठाचे खडे धरायचे आणि खड्यांत अंडी कुठली, हे काही उमजायचं नाही. काका चिडचिडे झाले. मग त्यांना उपाय सुचला. बाटलीत घोटभर साधं पाणी. खडे थांबले, काच आरशासारखी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घोटभर. बाटली अर्धी झाली की वर पाणी आणि एक मूठ मीठ. ओट्यावर पाणी ओतल्याचा आवाज कप्प्यात मला रोज ऐकू यायचा. घोटभराने काय होतंय, असं काका स्वतःलाच सांगायचे. माझ्या मात्र पाचावर धारण बसायची. घोटाघोटाने काय होतं, ते माझ्याशिवाय त्या खोलीत कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि मी होतो कापसात.

मग एक नवा आवाज सुरू झाला. ठप्प.

तपासणीत जंत सापडले नाहीत की अहवालावर निरंक असं लिहितात. आताशा सगळेच अहवाल निरंक येऊ लागले. लिहून लिहून हात दुखतो म्हणून काकांनी निरंकचा रबरी शिक्का करून घेतला. एका गाईचा अहवाल, ठप्प. घोड्याचा, ठप्प. राखीव जंगलातल्या हरणांचा, ठप्प. लोक आनंदाने कागद घेऊन जायचे. वाईट बातमीला सगळेच घाबरतात, मित्रांनो. मी चांगल्या बातमीला घाबरायला शिकलो. प्रत्येक ठप्पबरोबर कप्पा हादरायचा आणि मी अंधारात मोजायचो, हा एक, हा आणखी एक.

त्याच सुमारास मेंढीवाल्या मावशी येऊ लागल्या. त्यांचा चाळीस मेंढ्यांचा कळप होता, आणि तेच त्यांचं सर्वस्व. नवरा नाही, मूलबाळ नाही. मेंढ्यांना त्या पोरी म्हणत. त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की पोरी एकेक करून बसायला लागल्या होत्या. जबड्याखाली सूज यायची, मेंढी दोन दिवस मान खाली घालून उभी राहायची, तिसऱ्या दिवशी जायची. मावशींनी काकांना सांगितलं की मी पापणी उलटून बघते, तर आत पांढरीफटक. कोणीतरी आतून रक्त पितंय. काकांनी लेंड्या तपासल्या, मन लावून तपासल्या. ठप्प. मावशी कागद उलटसुलट करून म्हणाल्या की शिक्का आहे म्हणजे माझंच चुकत असेल. हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! त्यांचं काडीचंही चुकत नव्हतं.

कळप जंगलाच्या कडेला चरायचा, आणि तिकडे हरणंही पडू लागली. वनरक्षक पहाटे हिंडून हरणांच्या लेंड्या गोळा करून आणायचा. त्याही निरंक. मग जंत नाहीत तर हे आहे तरी काय? कोणी म्हणालं विष, कोणी म्हणालं नवी साथ. आणि साथ आणली कोणी? तर मावशींच्या मेंढ्यांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी! कळप एका लहानशा कुंपणात कोंडला गेला. तीच जमीन, तेच गवत, त्याच गवतात लेंड्या आणि लेंड्यांत अंडी. पोरी तेच खात होत्या. मेंढ्या आणखी भराभर जाऊ लागल्या.

एका गुरुवारी डॉक्टरीणबाई आमच्या खोलीत आल्या. प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली होती, पण त्यांचा बहुतेक वेळ बाहेर गोठ्यांमध्ये जायचा. त्या दारातच उभ्या राहून काकांशी बोलल्या. हरणांपर्यंत साथ पसरू नये म्हणून वरून हुकूम आला होता. शनिवारी सकाळी उरलेला सगळा कळप मारून चुन्यात पुरायचा. बाईंनी भांडून एक शेवटची तपासणी मिळवली होती. जंत सापडले तर औषध आणि सुटका. नाही सापडले तर शनिवार.

त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझ्या मागे तो एकटा नव्हता, त्याचं सगळं गणगोत होतं.

शुक्रवारी सकाळी मावशी स्वतः लेंड्या घेऊन आल्या. घासून लख्ख केलेल्या डब्यात, वर ओलं फडकं बांधून. काकांनी हात पुसायला कप्प्यातून कापड काढलं आणि कप्पा दोन बोटं उघडा राहिला. डबीचं झाकण केव्हाचं निसटलं होतं आणि कापूस मानेवरून सरकला होता. कितीतरी वर्षांनी मला उजेड दिसला, आणि ओट्याची कड, आणि मावशींचे हात. ते हात पाहून मी दचकलो. भेगाळलेले, आणि भेगांमध्ये पांढरं मीठ साचलेलं.

काका लेंडी चुरडत होते. शनिवार त्यांनाही ठाऊक होता. बाटलीतलं पाणी ओतताना थोडं ओट्यावर सांडलं, दिव्याच्या अगदी खाली. काका गाळायला वळले. मावशी स्टुलावर बसून त्या ओघळाकडे बघत राहिल्या. तो सुकत गेला. सुकून तिथे काय उरलं? बशीच्या बुडाचा उमटतो तसा एक पुसट डाग. बस्स.

मावशींनी विचारलं, "भाऊ, हे कसलं पाणी आहे?"

काकांनी सांगितलं की मिठाचं, भरपूर मिठाचं, त्यावरच सगळी तपासणी चालते.

मावशी म्हणाल्या, "माझे हात बघा. दोन महिन्यांत बारा कातडी मिठात मुरवली मी. माझ्याच पोरींची. त्या पाण्याचा थेंब सुकला तर पापडासारखं पांढरं धरतं, नखाने खरवडावं लागतं. तुमच्या पाण्याचं तर काहीच उरलं नाही."

गाळणकाका कधी कोणावर चिडत नसत, पण त्या दिवशी चिडले. पंचवीस वर्षं मी या ओट्यावर आहे, मला मीठपाणी शिकवता का, असं म्हणाले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मावशींनी पिशवीतून एक बटाटा काढला. कातड्यांच्या पिंपात पाणी पुरेसं खारट झालंय का बघायला त्या बटाटा टाकत, तरंगला तर पाणी ठीक. त्यांनी काकांच्या बाटलीतलं पाणी एका मोठ्या काचपात्रात ओतलं आणि बटाटा हळूच आत सोडला.

बटाटा तळाशी गेला आणि तिथेच बसला.

काका चाचरत म्हणाले की बटाटा म्हणजे काही यंत्र नव्हे, ही प्रयोगशाळा आहे. तेवढ्यात दारातून आवाज आला. डॉक्टरीणबाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, कोणाला कळलं नव्हतं.

"काका, आपला काटा कुठे आहे?"

मित्रांनो, या एका प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आणि तो आला तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? नको. देवा, आत्ता नको. कारण मला दिसत होतं, ते पाणी मला तोलणार नाही. मी बुडणार होतो. काकांनी डबी काढली, कापूस बाजूला केला. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की या खोलीत माझ्याइतकाच घाबरलेला आणखी एक माणूस आहे. त्यांनाही कळून चुकलं होतं. फक्त सांगणारा कोणीतरी हवा होता, आणि तो मीच होतो.

त्यांनी बटाटा बाहेर काढला आणि मला त्याच पाण्यावर धरलं. बराच वेळ धरलं. मग सोडलं.

मी गेलो. तेराशे गेला, बाराशेची लाल रेघ गेली, अकराशे गेला. मानेचं टोक गेलं. डोक्यावर पाणीच पाणी, अगदी पहिल्या दिवसासारखं. पण त्या दिवशी मला तरंगून चालणारच नव्हतं. मी जितका खोल जाईन, तितकं मावशींच्या पोरींसाठी बरं होतं. म्हणून मी गेलो, आणि माझं पोट तळाच्या काचेवर टक् करून आपटलं. पोटावर केसाएवढा तडा गेला. खारट पाणी आत आलं. दुखलं का? दुखलं. पण हे कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि मला सांगायची एवढी एकच रीत येते.

पुढचं भराभर झालं. डॉक्टरीणबाईंनी पातेल्यात पाणी तापवलं, मावशींनी मीठ ओतलं, खाली न विरघळणारं मीठ साचेपर्यंत ओतलं. निवल्यावर त्यात बटाटा टाकला, तो टुणकन वर आला. त्याच डब्यातली लेंडी काकांनी पुन्हा चुरडली, पुन्हा गाळली आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. खडे धरायच्या आत बघायचं म्हणून बाई शेजारी घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. काका मोठ्याने मोजू लागले. दहा, वीस, चाळीस. दोनशेवर त्यांनी मोजणं सोडलं आणि डोळा न काढता म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे."

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की औषध आजच मिळेल ना.

औषध त्याच दुपारी गेलं. हरणांच्या लेंड्याही पुन्हा तपासल्या, त्यांतही तोच जंत. शनिवारचा हुकूम रद्द झाला, कळप मोकळ्या कुरणावर हलला. उरलेल्या अठ्ठावीस पोरींतल्या तीन नंतरही गेल्या, त्यांच्यात उभं राहायचं रक्तच उरलं नव्हतं. पंचवीस वाचल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने मिरवलो असतो. पण सोमवारी काकांनी शिक्का केराच्या डब्यात टाकला, वही उघडली आणि निरंक अहवाल दिलेल्या प्रत्येक माणसाला फोन करायला बसले. दरवेळी आधी तेच वाक्य, चूक माझी आहे. मग जनावर पुन्हा तपासायला आणा म्हणून विनवणी. काही जण चिडले, काही जण हो म्हणाले. आणि काही वेळा पलीकडून थोडंसंच बोलणं यायचं आणि काका फोन तसाच कानाशी धरून बसायचे. पलीकडे आणायला जनावरच उरलेलं नसायचं. काकांनी एकही नाव वगळलं नाही. मी पाहत होतो.

आता मी बाटलीवरच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेलो आहे. आत शिरलेलं पाणी सुकलं आणि माझ्या पोटात मिठाचे दोन खडे राहिले आहेत. मी आता कशाचंच वजन सांगू शकत नाही. नवा काटा यायला आठ दिवस लागले, तेवढे दिवस रोज सकाळी बटाट्याची आंघोळ झाली. डॉक्टरीणबाई हसायच्या, पण काका बटाट्यालाही दोन्ही हातांनी पाण्यात सोडायचे.

मित्रांनो, काकांनी मला जपलं होतं. जीव लावून जपलं होतं. पण जपणं म्हणजे कापसात गुंडाळून ठेवणं नव्हे, हे त्यांनाही उशिरा कळलं आणि मलाही. तुमच्या घरातही असं काहीतरी असेल, फुटेल म्हणून कोणी वापरत नाही असं. किंवा तुमच्या मनात एखादा प्रश्न असेल, उत्तर वाईट निघेल म्हणून कोणाला विचारलेला नाही असा. त्याला बाहेर काढा. दोन्ही हातांनी धरा, हळू सोडा, पण सोडा.

नवा काटा तरणाबांड आहे आणि माझ्याहून भित्रा. आंघोळीआधी रोज सकाळी तो वर माझ्याकडे बघतो आणि विचारतो की आजोबा, आज बुडालो तर? मी त्याला सांगतो, बुडायची वेळ आली तर खुशाल बूड बाळा. पण बाटलीत बूड. कप्प्यात नको.